साइड अपर बर्थ, नऊ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा कुठल्या बॅगेचा किंवा बुटांचा रिव्ह्यू नाहीये, स्लीपर डब्यातल्या साइड अपर बर्थचा आहे, म्हणजे चालायच्या वाटेच्या कडेला खिडकीला समांतर जे दोन बर्थ असतात त्यातल्या वरच्याचा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून एकटीने रेल्वेने फिरतेय, एमएचं शेवटचं वर्ष, मध्ये परीक्षा, त्यामुळे सलग नाही, सुट्टी मिळेल तसं. वर जम्मू, खाली कन्याकुमारी, उजवीकडे दिब्रुगड, डावीकडचं गुजरात तेवढं राहिलं. मोजून १३ रात्री गाडीत काढल्या, त्यातल्या १० साइड अपरवर. एवढ्या रात्री तर मी मामाकडेही कधी राहिले नसेन.

पहिल्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूला निघाले तेव्हा बुकिंग करताना खिडकी हवी म्हणून लोअर मागितला, मिळाला मिडल. नंतर कळलं की लोअरमध्ये साठीच्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांना आधी प्राधान्य असतं, तर माझ्यासारख्या २२ वर्षांच्या मुलीने लोअर मागणं म्हणजे वाऱ्यावरची वरात. आणि मिडल बर्थ ही काय चीज आहे ते ज्याने वापरलाय त्यालाच माहीत, रात्री १० ते सकाळी ६ एवढाच तो तुमचा, बाकी वेळ तो खाली पाडलेला आणि तुम्ही लोकांच्या मांडीला मांडी लावून. म्हणजे कायद्याने सहाला, प्रत्यक्षात समोरच्या काकांना साडेपाचलाच चहा लागतो. दोन रात्री काढल्या आणि येताना प्रेफरन्समध्ये साइड अपर टाकला, तेव्हापासून दुसरं काही टाकलेलं नाही.

आता नवीन लोकांसाठी. ८ ने भाग जाणारा नंबर म्हणजे साइड अपर, त्याच्या आधीचा नंबर साइड लोअर. जुन्या आयसीएफ बनावटीच्या डब्यात ७२ बर्थ असतात आणि नव्या एलएचबी बनावटीच्या डब्यात ८०, म्हणजे ८ आणि शेवटचा नंबर हे दोन्ही दाराजवळ, अर्थातच टॉयलेटजवळ. नंबर आपल्याला निवडता येत नाही, फक्त प्रकार सांगता येतो, पुढचं नशीब. माझ्या मते ३२ आणि ४० हे राजे. ८ नंबरवर एकदा गुवाहाटी ते हावडा आले, रात्रभर त्या सरकत्या दाराचं खटाक खटाक, शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तोल सांभाळायला माझ्याच बर्थची कड धरणार. एकाने झोपेत माझा पाय धरला, मी ओरडले, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

एकटी मुलगी म्हणून मला हा बर्थ का आवडतो? तर दिवसा कुणी येऊन "जरा सरका" म्हणत नाही. दुपारी १ ला झोपा, ४ ला झोपा, वर चढून कुणी बसत नाही. सॅक उशाशी घेता येते, साखळी सीटखाली अडकवायची आणि रात्री दर स्टेशनला वाकून बघायचं ही भानगड नाही. (साखळी-कुलूप घेतलं होतं, दोनदा वापरलं, आता घरी सायकलला आहे.) एका कडेला भिंत आणि दोन्ही टोकांना पार्टिशन, एक पडद्यासारखी ओढणी बांधली की तेवढ्या जागेत आपलं आपण. आणि आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, ‘मेरी सहेली’ म्हणून एक उपक्रम आहे २०२० पासून, एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी, त्यात महिला कॉन्स्टेबल येऊन सीट नंबर लिहून घेतात, कुठे उतरणार विचारतात. माझ्याकडे दोनदा आल्या. आईला हे सांगितल्यावर तिचे फोन दिवसाला सातवरून चारवर आले, हा मी मोठा फायदा धरते.

आता वाईट बाजू, आणि ती बरीच आहे. उंची. मी पाच फूट तीन इंच, मला पुरतो, पण दोन्हीकडे पार्टिशन असल्यामुळे पाय बाहेर काढायला जागाच नाही, सहा फुटी माणसाने इथे गुडघे पोटाशी घेऊनच झोपायचं. छत वाकलेलं, त्यामुळे ताठ बसता येत नाही, पुस्तक वाचायचं तर मानेचं भजं होतं. मे महिन्यात वरचं छत जे तापतं ते रात्री अकरापर्यंत गार होत नाही, पंखा आहे पण तो आतल्या सहा जणांकडे बघत असतो. चार्जिंगचा पॉइंट मला मिळालेल्या सगळ्या डब्यांत खाली होता, वायर लांब घ्या, छोट्या वायरीमुळे माझा मोबाईल लोंबकळत राहिला आणि रात्री दीडला खाली झोपलेल्या एका काकांच्या पोटावर पडला. काकांनी तो उचलून न बोलता वर दिला आणि सकाळी म्हणाले, "मुली, तुझ्या आईचा फोन होता, मी कट केला." मग मी आईला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आणि चप्पल. वरून उतरलं की चप्पल जागेवर असेल हे गृहीत धरू नका. चोरी म्हणत नाही मी, पायापायाने ती पुढच्या पुढच्या कंपार्टमेंटमध्ये जाते. माझी एक डावी चप्पल कायमची गेली, उजवी मी कन्याकुमारीपर्यंत उगाच जपून नेली. आता चप्पल पिशवीत घालून पायाशी ठेवते, आईला हे समजलं तर ती मला घरात घेणार नाही.

पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे खिडकी नाही. खिडकी साइड लोअरवाल्याची. देश बघायला निघालोय आणि दिसतंय काय तर पंख्याची जाळी. नियमाने दिवसा साइड अपरवाल्याने खाली साइड लोअरवरच बसायचं असतं, पण तिथे आरएसीचे (पूर्ण बर्थ न मिळाल्याने एकाच बर्थवर बसवलेले) दोघं असले की त्या एका बर्थवर आधीच दोन माणसं आणि त्यांचे दोन डबे, तिसऱ्याने कुठे बसायचं? मी स्वतः दिब्रुगड ते गुवाहाटी आरएसीवर आले, एका आजींबरोबर अर्धा अर्धा बर्थ, त्यांचे पाय माझ्या मांडीवर आणि माझे खिडकीच्या गजाला, तेव्हा वर झोपलेला मुलगा सकाळी आशेने खाली डोकावला आणि आम्हा दोघींना बघून परत आडवा झाला. मला त्याचं दुःख कळत होतं, पण जागा कुठून देणार.

आता ती मोठी ट्रिप. मेच्या शेवटी पुण्याहून थेट कन्याकुमारीची गाडी पकडली, दोन रात्री, आणि दोन दिवस तिथे थांबून मग विवेक एक्सप्रेस, कन्याकुमारी ते दिब्रुगड. देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी, ४,००० किलोमीटरच्या वर, तीन रात्री आणि चौथ्या दिवशी पोचते, तमिळनाडू, केरळ, आंध्र, ओडिशा, बंगाल, मध्ये झारखंड-बिहारचा तुकडा, आसाम, आणि दिमापूरला नागालँडला हात लावून परत आसाम. स्लीपरचं तिकीट हजार-बाराशेच्या आसपास पडलं. बर्थ ४०. सोबत आजीने दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सोलापुरी चादर, कारण स्लीपरला चादर-उशी मिळत नाही, ती एसीलाच. चादरीबद्दल एवढंच म्हणेन की दोन किलोचं ओझं झालं तरी तिने छताखाली गादीचं, रात्री पांघरुणाचं आणि स्टेशनवर सतरंजीचं काम केलं. हवेची उशी घेतली होती ती तिसऱ्या रात्री फुस्स.

केरळात अलुवाला एक मुलगा साइड लोअरवर आला. आसामचा, पेरुंबावूरला प्लायवूडच्या कारखान्यात काम करणारा, हातात नवा कोरा प्रेशर कुकर खोक्यासकट आणि केळ्याच्या वेफर्सची ही मोठी पिशवी. ही गाडी अशाच पोरांनी भरलेली असते, बंगाल-आसाम-ओडिशाची, केरळात कामाला असलेली, घरी चाललेली. टीसीशी तो मल्याळममध्ये बोलला, फोनवर आसामीत, माझ्याशी हिंदीत, आणि तीनही भाषांमध्ये तो तितकाच कमी बोलायचा. पहिला अर्धा दिवस मी वर, तो खाली खिडकीशी बसून मोबाईलवर काहीतरी बघतोय, आणि बाहेरून अख्खा देश चाललाय! शेवटी मी वाकून म्हटलं, भैया, थोडा वेळ खिडकीत बसू का. तो लगेच सरकला, कुकर मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बैठो दीदी, मेरा तो देखा हुआ है."

मग ठरलंच. दिवसा तो वर झोपायला, मी खाली बघायला. संध्याकाळी राजमहेंद्रीच्या पुलावर गोदावरी आली तेव्हा डब्यातले लोक सुट्टे पैसे काढायला लागले, खिडकीच्या गजातून नाणं टाकायचं आणि हात जोडायचा. मी नाशिकला आत्याकडे असताना हीच गोदावरी गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडलीये आणि इथे पूल संपता संपत नव्हता, पुलाचा आवाज ऐकत बसले आणि नाणं टाकायचं राहूनच गेलं. त्याला मी सांगितलं की ही नदी आमच्याकडून येते. तो म्हणाला, आमच्याकडे ये मग, नदी दाखवतो. ब्रह्मपुत्रेसमोर आता काय बोलणार.

बंगालमधलं गंगेवरचं फरक्का धरण कधी येतं हे मला माहीत नव्हतं, त्याला मात्र पाठ होतं. मी वर गाढ झोपलेली, त्याने खालून चादरीचं टोक ओढलं, "दीदी, गंगा." उतरून बघते तर गाडी धरणावरूनच चाललीये, हळू, दोन किलोमीटरहून लांब बॅरेज, १९७५ पासून वापरात असलेलं, त्याचे दरवाजे एकामागून एक एकामागून एक. १०९ आहेत म्हणे, मी चाळीसच्या आसपास चुकले. पाणी एवढं गढूळ आणि एवढं पसरलेलं की पलीकडचा काठ कुठला ते कळेना. तो मागे उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, आपल्या घरातली वस्तू पाहुण्याला आवडली का बघतात ना, तसा. उतरताना वेफर्सची अर्धी पिशवी देऊन गेला. नंबर वगैरे काही घेतला नाही आम्ही.

पैशाचं थोडं, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कॉलेजचं आयकार्ड दाखवून अर्ध तिकीट मिळेल अशा भ्रमात मी होते. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण घरी जाण्या-येण्यासाठी आणि कॉलेजच्या शैक्षणिक सहलीसाठी, तेही कॉलेजचं पत्र घेऊन, हौसेने फिरायला नाही. दुसरं म्हणजे वेटिंगच्या भरवशावर निघू नका. कन्याकुमारीच्या गाडीचं माझं आधीचं ऑनलाइन तिकीट वेटिंग १८ होतं, होईल होईल म्हणून थांबले, चार्ट (कुणाला कुठला बर्थ त्याची शेवटची यादी) लागला, तिकीट आपोआप कॅन्सल, थोडे पैसे कापून बाकीचे परत, आणि मी सॅक घेऊन घरातच चहा पीत बसलेली. ऑनलाइन वेटिंग तिकिटावर डब्यात चढता येत नाही, ते तिकीट राहतच नाही. आणि तिसरं, सर्क्युलर जर्नी तिकीट नावाचा प्रकार असतो, जिथून निघालात तिथेच परत येणार असाल तर एकच तिकीट, मध्ये आठ ठिकाणांपर्यंत उतरता येतं, लांब अंतराचा दर लागतो म्हणून तुकड्यातुकड्यांपेक्षा स्वस्त. माझी पुणे-कन्याकुमारी-दिब्रुगड-हावडा-पुणे ट्रिप अगदी त्यातच बसणारी होती. हे मला कधी कळलं, तर आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याहून परत येताना समोरच्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्या आजोबांकडून, नागपूर गेल्यावर. त्यांना माझा चेहरा बघून वाईट वाटलं असावं, संत्र्याची गोळी दिली.

मार्क द्यायचे तर झोपेला पाचपैकी चार, उकाड्याला एक, खिडकीला शून्य, पण खाली कोण बसलंय त्यावर ते शून्य कितीही वर जाऊ शकतं. जोडप्याने किंवा ग्रुपने जाणार असाल तर घेऊ नका, उगाच एक जण वर लटकून बाकीच्यांचे पत्ते बघत बसतो. गुडघे दुखत असतील तर अजिबात नको, चढायला शिडी म्हणजे दोन लोखंडी पायऱ्या आहेत फक्त.

या दिवाळीला गुजरात करायचं ठरवलंय. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं, तर परवा सकाळी आठला मोबाईल घेऊन बसले, प्रेफरन्स साइड अपर, पैसे भरले, कन्फर्म. बर्थ ७२. डबा जुना निघाला तर दाराशेजारी. आईला रडगाणं सांगायला गेले तर ती म्हणाली, कन्फर्म आहे ना, मग चप्पल सांभाळ.