सुरक्षा समितीची शिफारस नाकारायची आहे? चार वाटा, शेजारी शेजारी

पॉवर प्रेस (पत्रा डाय म्हणजे साच्यात दाबून कापणारी, वाकवणारी यंत्रं) असलेल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात हमखास येणारी एक शिफारस घेऊ: "शॉपमधल्या सर्व प्रेसवर लाइट कर्टन बसवावेत." लाइट कर्टन म्हणजे हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. कामगार प्रतिनिधींनी मांडली, सेफ्टी ऑफिसरने दुजोरा दिला, इतिवृत्तात चढली. आता कागद प्लांट हेडच्या टेबलावर आहे, आणि त्यांना ती जशीच्या तशी मान्य नाही.

नाही म्हणता येतं का? येतं. समिती शिफारस करते, निर्णय आणि त्याची जबाबदारी मालकाची. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती त्याने सक्तीची केली, पण तिची प्रत्येक शिफारस मानलीच पाहिजे असं म्हटलं नाही. त्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम २२ मध्येही तसं बंधन नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो नाही कसं म्हणायचं याचा.

पहिली वाट: "नोंद घेतली"

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. "विचाराधीन", "पुढच्या क्वार्टरला बघू", "हेड ऑफिसला कळवले आहे" ही तिचीच भावंडं. यात नकार दिसत नाही म्हणून ती सुरक्षित वाटते. पण उद्या त्याच प्रेसवर कुणाची बोटं गेली, तर चौकशी अधिकाऱ्यासमोर तुमच्याच इतिवृत्तातून दोन गोष्टी सिद्ध होतात: धोका तुम्हाला माहीत होता, आणि तुम्ही काहीच ठरवलं नव्हतं. शिवाय तीन बैठकांत हेच उत्तर मिळालं की कामगार प्रतिनिधी खरे धोके मांडणं सोडतात आणि समिती पाण्याच्या कूलरवर आणि पार्किंगवर चर्चा करू लागते. आपल्या समितीत सध्या हेच विषय चालत असतील, तर कारण बहुधा मागच्या वर्षीच्या उत्तरांत सापडेल.

दुसरी वाट: "खर्च परवडत नाही"

ही निदान प्रामाणिक आहे. पण ती कुठे चालते आणि कुठे नाही हे नीट पाहायला हवं. जुन्या अधिनियमाच्या कलम ७-अ मधलं सर्वसाधारण कर्तव्य "वाजवी रीतीने व्यवहार्य असेल तितपत" या शब्दांनी बांधलेलं होतं. यंत्राच्या धोकादायक भागांना गार्ड लावण्याचं कलम २१ त्या शब्दांनी बांधलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये १९५५ साली जॉन समर्स विरुद्ध फ्रॉस्ट या ग्राइंडिंग व्हीलच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तिथल्या तशाच कलमाबद्दल स्पष्ट सांगितलं की गार्ड लावल्यावर यंत्र वापरता येत नसलं तरी कर्तव्य टळत नाही. नव्या संहितेच्या कलम ६ मध्येही हा फरक दिसतो. सुरक्षित वातावरण राखण्याच्या पोटकलमात "व्यवहार्य असेल तितपत" आहे. इजा करू शकणाऱ्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याच्या पोटकलमात नाही.

म्हणून माझं मत असं: खर्च हे दोन उपायांतून एक निवडण्याचं कारण होऊ शकतं, काहीच न करण्याचं नाही. स्टोअरच्या वाटेवर नवं छप्पर हवं की आधी रंगाचे पट्टे आणि दिवे, इथे पैशाचा हिशेब जरूर मांडा. प्रेसच्या डायपुढे तो मांडू नका.

तिसरी वाट: धोका मान्य, उपाय अमान्य

जबाबदार नकार बहुतेक वेळा हाच असतो. यात मेहनत आहे, कारण आधी शॉपमध्ये जाऊन बघावं लागतं.

लाइट कर्टनचंच बघा. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) फ्रिक्शन क्लचचा प्रेस स्ट्रोकच्या मध्ये थांबवता येतो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसला एकदा पेडल दाबलं की रॅम (डायवर खाली येणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो. तिथे कर्टनला हात दिसतो, पण थांबवायला त्याच्या हाताशी काही नसतं. वर ऑपरेटरला वाटतं, कर्टन आहे, आता काय होणार? म्हणजे "सर्व प्रेसवर" हा शब्द पाळला तर काही प्रेसवर धोका वाढेल. आणि जिथे कर्टन चालतो तिथेही तो कुठेही अडकवून भागत नाही. आयएसओ १३८५५ या यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. कर्टनच्या प्रतिसादासकट थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून निदान ४०० मिमी दूर हवा. ऑपरेटरला सोयीचं म्हणून १५० मिमीवर लावलेला कर्टन ऑडिटच्या फोटोपुरता.

आता एकाच शिफारशीला दोन उत्तरं. बारापैकी सात प्रेस न्यूमॅटिक आणि पाच पिन क्लचचे आहेत असं समजू.

पहिलं: "आर्थिक अडचणींमुळे तूर्त शक्य नाही. नोंद घेतली."

दुसरं: "धोका मान्य. सात न्यूमॅटिक प्रेसवर थांबण्याचा वेळ मोजून लाइट कर्टन बसवू. पाच पिन क्लच प्रेसवर बसवणार नाही, कारण ते स्ट्रोकमध्ये थांबत नाहीत. तिथे बोटं डायपर्यंत जाणार नाहीत असे फिक्स्ड गार्ड टूल रूम बनवेल. कर्टन येईपर्यंत सात प्रेसवरही फिक्स्ड गार्ड. ज्या डायला गार्ड नाही त्या डायवर प्रॉडक्शन नाही. जबाबदारी मेंटेनन्स मॅनेजरची, तारीख सोबत. पुढच्या बैठकीत गार्ड समितीने स्वतः तपासावेत."

नकार दोन्हींत आहे. दुसऱ्यात मात्र समितीला उलटतपासणी करता येते: पिन क्लच खरंच पाचच आहेत का, मधल्या काळात गार्ड काढून कोण चालवतंय? हे प्रश्न विचारता येणं म्हणजेच कारणं दिली गेली.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ही पद्धत कायद्यातच आहे. समितीची लेखी शिफारस आली की २१ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. मान्य असेल त्याचं वेळापत्रक, अमान्य असेल त्याची कारणं. आपल्या कलम ४१-जी मध्ये अशी मुदत नव्हती. पण कंपनीच्या सुरक्षा धोरणात अशा मुदतीची एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

चौथी वाट: निर्णय बाहेर सोपवणं

मतभेद तांत्रिक असेल तर बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा, शक्यतो दोन्ही बाजूंना चालेल असा. एका परिस्थितीत मात्र बाहेर जाणं ऐच्छिक राहत नाही. कामगाराने थेट किंवा समितीच्या सदस्यामार्फत "गंभीर इजेचा धोका अगदी तोंडावर आहे" असं कळवलं आणि मालकाला ते पटलं नाही, तरी प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवावंच लागतं, आणि असा धोका आहे की नाही यावर निरीक्षकाचा निर्णय अंतिम. जुन्या कलम ४१-एच मध्ये हे धोकादायक प्रक्रियांपुरतं होतं. संहितेच्या कलम १४ ने ते सर्व आस्थापनांतल्या कामगारांना दिलं. अशा तक्रारीवर पहिल्या तिन्ही वाटा बंद. शिफारस वाचताना पहिला प्रश्न म्हणूनच हा: यात तोंडावरचा धोका सांगितला आहे का?

नसेल तर बहुतेक वेळा तिसरी वाट धरा. उत्तर नोटीस बोर्डावर लावण्याआधी बैठकीत तोंडी समजावून सांगा, आणि ज्या ऑपरेटरने मुद्दा काढला त्यालाही बोलवा. सही सेफ्टी ऑफिसरची घेऊ नका. त्यांनी शिफारशीला पाठिंबा दिलेला असतो आणि पैसे मंजूर करण्याचा अधिकार त्यांना नसतो. नकारानंतर जो धोका उरतो, त्याखाली प्लांट हेडने स्वतःच्या नावाने सही करावी. सही करताना हात अडखळला, तर शिफारस पुन्हा एकदा वाचावी.