पप्पांचं बायबल आणि कापडबाजारामागचे बाइंडरकाका

जुनं बायबल बांधून घ्यायचं तर नगरमध्ये कुणाकडे जावं, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तिघीचौघींनी मला विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आधी निकाल सांगते: कापडबाजाराच्या मागच्या बोळात बसणाऱ्या बाइंडरकाकांकडे डोळे मिटून जा. वेळ लागेल, पण काम आयुष्यभराचं होईल.

माझ्याकडचं पवित्र शास्त्र पप्पांचं. लाल कडांचं, जाडजूड, पातळ कागदाचं. पप्पा गेल्यावर ते माझ्याकडे आलं आणि त्यावरूनच मी आमच्या मंडळीत बुधवारचा शास्त्राभ्यास वर्ग १९ वर्षं घेतला. पाठ केव्हाच सुटली होती. स्तोत्रसंहिता उघडली की पानं हातात यायची, रबरबँड लावून न्यावं लागायचं. आधी एका दुकानात दाखवलं. तिथल्या माणसानं न बघताच सांगितलं, कडा कापून, गोंद मारून दोन दिवसांत देतो. कडा कापल्या असत्या तर समासातली पप्पांची पेन्सिल गेली असती. परत घेऊन आले.

बाइंडरकाका वेगळे. त्यांनी आधी बादलीत हात धुतले, पंच्याला पुसले, मग पुस्तक हातात घेतलं. त्यांच्याकडे वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी आणि कुराण शेजारी शेजारी बांधायला आलेले होते. शाळेच्या वह्या आणि दप्तरखात्याच्या फायली खाली, ग्रंथ वर, अशी त्यांची शिस्त. मशीनला हात न लावता ते म्हणाले, "बाई, हे कापायचं नाही. सगळे फर्मे सोडवून पुन्हा शिवू." फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांची जुडी.

मग त्यांनी बायबल मिटलं, उजेडात आडवं धरलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. मधे एक काळपट पट्टा, पुढे शुभवर्तमानांपाशी दुसरा, रोमकरांस पत्र आणि करिंथकरांपाशी तिसरा. बाकी कड जशी छापखान्यातून आली तशी लालभडक. काही पानं तर रंगानं एकमेकांना चिकटलेली, कधी सुटलीच नव्हती. काका सहज म्हणाले, "बाई, एवढंच वापरलंय. बाकीचं नवंच आहे की."

त्यांना ते पुस्तक कशाचं आहे एवढंच ठाऊक. मला मात्र बोळातून बाहेर येईपर्यंत बोलता येईना.

घरी येऊन वर्गाच्या नोंदवह्या काढल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, टाचण ठेवायची सवय. १९ वर्षांचा हिशोब लागला: बायबलमधल्या ६६ पुस्तकांपैकी ३१ पुस्तकांतून मी एकदाही शिकवलं नव्हतं. स्तोत्र २३, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे दिलाशाचं, मात्र १४ वेळा. शाळेत एखाद्या बाईंनी इतिहासाच्या पुस्तकातले आवडते तीनच धडे दरवर्षी शिकवले असते तर मीच त्यांना बोलले असते. प्रेषित पौल मिलेत शहरात इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेताना सांगतो की देवाचा संपूर्ण मनोदय तुम्हांला सांगण्यात मी कसूर केली नाही, म्हणून सर्वांच्या रक्ताविषयी मी निर्दोष आहे. प्रेषितांची कृत्ये, २० वा अध्याय. हा अध्याय मी शिकवला होता. दोनदा.

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि काकांना विचारलं, शिवताना मधे कोरी पानं घालता येतील का? ते म्हणाले, जाड कागद घातला तर पाठ फुगेल, पातळ आणतो. त्यांनी प्रत्येक फर्म्यामागे दोन पानं घातली. त्या पानांवर मी तारीख, काय शिकवलं आणि कुणी काय विचारलं ते लिहिते. पान कोरं राहिलं तर तेवढा भाग माझ्याकडून राहिला, हे उघडतानाच दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात केली.

खरं सांगते, सुरुवातीला लोक कमी झाले. लेवीय हे यज्ञांच्या नियमांचं पुस्तक घेतलं तेव्हा एक वडीलमाणूस म्हणाले, बाई, यज्ञाच्या चरबीत आम्हाला काय? मी १९ व्या अध्यायापर्यंत थांबा म्हटलं. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे वाक्य सगळ्यांना येशूच्या तोंडून माहीत असतं. ते मुळात इथलं, १८ वं वचन. त्याच्या पाचच वचनं आधी लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याकडे ठेवू नकोस. आमच्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्या बायकाही बसतात आणि बागायतदारही बसतात. त्या बुधवारी खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. हे मी १९ वर्षं का टाळलं, ते मला त्या शांततेत कळलं. मला लेवीय कठीण वाटत नव्हतं, मला माणसं दुखवायची भीती होती.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ तर आपल्या निम्म्या घरांतल्या कॅलेंडरवर असतं: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांची मुदत आहे. तोवर घरं बांधा, मळे लावा, असं पत्रात सांगितलंय. एवढं सांगितलं तरी त्या वचनाची गोडी कमी होत नाही, त्याला वजन येतं.

पण सगळ्यात जास्त मला विलापगीतानं, यरुशलेम पडल्यावरच्या शोकगीतांच्या पुस्तकानं, हलवलं. आजवर मी त्यातली दोनच वचनं शिकवली होती, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते ती. या वेळी पाचही अध्याय घेतले, पाच बुधवार. फळ्यावर दाखवलं की मूळ इब्रीत (हिब्रूत) पहिले चार अध्याय मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेत. २२ अक्षरं, म्हणून २२ वचनं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यातही २२ वचनं आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलाय. मग तिसऱ्या अध्यायातलं ४४ वं वचन वाचलं: आमची प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू स्वतःला मेघानं झाकून घेतलंस.

मागच्या बाकावर एक ताई बसतात. २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या रांगेत त्यांचा मुलगा गेला. तेव्हापासून त्या येतात, गातात, काही बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "बाई, हे बायबलमध्ये होतं? मग तेव्हा मला कुणी का नाही सांगितलं? मी समजत होते असं मनात येणं पाप आहे." मी त्यांच्या घरी २०२१ मध्ये तीनदा गेले होते. तिन्ही वेळा स्तोत्र २३ वाचून आले होते.

ते मी कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, मरणाच्या उंबऱ्यापर्यंत तेच काम केलं. त्यांनी वंशावळ्या वगळल्या नाहीत, विलापगीत वगळलं नाही. त्यांनी जे सगळं हातात दिलं त्यातलं निवडून वाटणारी मी कोण?

आता बांधणीबद्दल. शिवण घट्ट, टाके एकसारखे, दोन वर्षांत एक पान हललेलं नाही. खळ त्यांनी घरी शिजवलेली, मोरचूद घातलेली, त्यामुळे कसर लागलेली नाही. काळं रेक्झिन पहिला महिनाभर ताठ होतं, पुस्तक सपाट उघडून राहत नव्हतं. नंतर सैल झालं. खुणेच्या दोन फिती मागितल्या तर लावून देतात. पप्पांची पेन्सिल अक्षर न् अक्षर शाबूत आहे. खर्च ६५० रुपये आला, कोऱ्या पानांसकट. दोन उणिवा सांगायलाच हव्यात. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, कारण शाळांचं काम मधे आलं. आणि मागचं अस्तर चिकटवताना पौलाच्या प्रवासाच्या नकाशाचा डावा कोपरा खळीत गेला, त्यात रोम गेलं. दाखवल्यावर काकांना फार वाईट वाटलं, पैसे कमी करायला निघाले होते. मी करू दिले नाहीत. तुम्ही पुस्तक द्याल तेव्हा नकाशे आधीच दाखवून ठेवा.

आता आम्ही यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात आहोत. पुढच्या बुधवारी ३३ वा अध्याय, तलवार येताना पाहूनही कर्णा न वाजवणाऱ्या पहारेकऱ्याचा. वर्ग संध्याकाळी साडेसहाला. काकांचं दुकान शुक्रवारी दुपारी बंद असतं, आणि ते ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या.