फेसलिफ्टच्या नावाखाली घातलेले दोरे

मुलीच्या लग्नाला तीन महिने उरले असताना पुण्यातील एका ब्युटी क्लिनिकमध्ये मी एक लाख साठ हजार रुपये भरले, आणि ज्यासाठी भरले ते मला मिळालेच नाही. सत्तावन्नाव्या वर्षी आपला चेहरा थोडा सावरून घ्यावासा वाटणे यात लाजण्यासारखे काही आहे असे मी मानत नाही, म्हणूनच हे उघडपणे लिहीत आहे.

'चिरफाड न करता एका तासात फेसलिफ्ट' अशी जाहिरात मुलीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी भेटली ती काउन्सेलर. "मॅडम, सवलत आज संध्याकाळपर्यंतच आहे," असे तिने सांगितले आणि मी वीस हजार तिथेच भरून उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून घेतले. मी रक्तदाबाची गोळी आणि रोज अ‍ॅस्पिरिन घेते, हे मला कोणी विचारले नाही. संमतिपत्र इंग्रजीत होते आणि चेहऱ्यावर पेनाने खुणा करून झाल्यावर, सुया टोचण्याच्या दहा मिनिटे आधी, टॅबवर बोटाने सही घेण्यात आली.

पहिला आठवडा सुजेमुळे चेहरा ताणलेला दिसला आणि मी खूश होते. चौथ्या आठवड्यात डाव्या गालावर, हसले की, आत ओढल्यासारखा खळगा पडू लागला. केस विंचरताना कानशिलाजवळ कंगव्याला काहीतरी अडकले, आरशात पाहिले तर मासे धरण्याच्या तंगुसासारखे दोऱ्याचे टोक त्वचेतून बाहेर आलेले होते. पाचव्या महिन्यात गाल पूर्वीसारखे ओघळले, खळगा मात्र राहिला.

त्यानंतर मी ज्या प्लास्टिक सर्जनकडे गेले, त्यांनी आधी पावती मागितली. पावतीवर 'थ्रेड लिफ्ट', म्हणजे त्वचेखाली दोरे घालून गाल वर ओढणे, असे लिहिले होते. मी ती तोवर वाचलीच नव्हती. हे विरघळणारे दोरे साधारण सहा महिन्यांत शरीरात जिरतात आणि त्वचा थोडीशीच सैल असेल तर काही काळ उपयोगी पडतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण खरे फेसलिफ्ट ही कानाच्या पुढून मागे चीर घेऊन, त्वचेखालचा थर उचलून टाक्यांनी घट्ट करण्याची आणि जादा त्वचा कापून टाकण्याची काही तासांची शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर दोन-तीन आठवडे सूज आणि काळेनिळे डाग राहतात, व्रण पुसट होतो पण जात नाही. त्वचेखाली रक्त साकळणे ही तिची सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत असून ती बहुधा पहिल्या 24 तासांत उद्भवते व वाढलेल्या रक्तदाबात तिचा धोका अधिक असतो. धूम्रपान करणाऱ्यांची त्वचा कडेने मरू शकते, आणि क्वचित चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होते. यातले एक अक्षरही क्लिनिकमध्ये माझ्या कानावर पडले नव्हते.

आपल्याकडे प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एमबीबीएस आणि जनरल सर्जरीतील एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा त्याच्या तोडीची पदवी हा नेहमीचा मार्ग आहे. ज्यांनी मला दोरे घातले त्यांच्या भिंतीवरच्या तिन्ही चौकटींत चार-चार दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे होती. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पावतीवर असायलाच हवा. माझ्या पावतीवर तो नव्हता. पैसे भरण्याआधी तो क्रमांक मागून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून पाहायला मला पाच मिनिटे लागली असती. आरोग्य विमाही निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च देत नाही, त्यामुळे बिघडलेले निस्तरण्याचा खर्चही माझ्याच खिशातून झाला.

उपचारांची कागदपत्रे लेखी मागितल्यास 72 तासांत द्यावी लागतात. मी अर्ज दिला, पोच घेतली, तरी ती मिळायला सतरा दिवस लागले. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. माझी तक्रार जिल्हा आयोगात दाखल झाली आहे. क्लिनिकने ती जाहिरात आता काढून टाकली आहे, पण मुलीने पाठवलेला त्या जाहिरातीचा फोटो माझ्या फोनवर तारखेसह होता. तो आणि 'थ्रेड लिफ्ट' लिहिलेली पावती, असे दोन्ही कागद मी तक्रारीला जोडले आहेत.