इस्तंबूलच्या तटाकडेनं साडेतीन तास

पाचपैकी चार तारे. एक तारा खेचरांपायी कापला.

मी सैन्यात खेचरांच्या पलटणीत नोकरी केली, आता साताऱ्यात निवृत्त. लेकीनं हट्टानं इस्तंबूलला नेलं आणि बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या सम्राट-सेनापतींवरच्या पायी फेरीचं बुकिंग करून टाकलं. येदीकुले ते एदिर्नेकापी, म्हणजे तटाच्या एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत, तट उजव्या हाताला ठेवून चालायचं. वाटाड्या पंचवीस मिनिटं उशिरा आला. पण बोलायला लागला आणि राग गेला.

तट पाचव्या शतकातला. आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली बारा मीटर उंच. खंदकात आता भाजीचे वाफे आहेत! तिथंच उभं करून त्यानं 626 चा वेढा सांगितला. तटाखाली अवार या भटक्या टोळ्या, बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपलीकडे इराणी फौज आणि सम्राट हेराक्लियस राजधानीत, म्हणजे या शहरात नाहीच, तो पूर्वेला मोहिमेवर. कुमक धाडली, स्वतः मात्र परतला नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात आजच्या इराकमधल्या निनेव्हेजवळ त्यानं इराण्यांचा मोड केला. मागे घर वेढ्यात असताना पुढची मोहीम न सोडणं म्हणजे काय, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही. त्या वाफ्यांपाशी कळलं.

पुढचा सम्राट दुसरा बासिल, त्याच्यावर मात्र गडी घसरला. 1014 साली पकडलेल्या बल्गारांचे डोळे काढले, हेच रंगवून रंगवून सांगत बसला. मी 995 ची, सीरियातल्या अलेप्पोच्या मदतीला मारलेली बासिलची दौड काढली, तर म्हणाला, "खेचरं?" आणि हसला. अरे बाबा, प्रत्येक शिपायाला दोन खेचरं देऊन या माणसानं सोळा दिवसांत अख्खा आनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग, ओलांडला. रोज संध्याकाळी पाठी तपासायच्या, नाल बघायचे, दाणापाणी करायचं. एक दिवस हयगय झाली की चौथ्या दिवशी निम्मी जनावरं लंगडतात. 986 मध्ये बल्गारांच्या सोफिया शहराच्या वेढ्यात याच बासिलच्या रसदीचे हाल झाले होते आणि परतीच्या वाटेवर ट्राजनच्या खिंडीत बल्गारांनी त्याला चोपला होता. तो पराभव गाळला तर दौड कशी समजणार?

शेवट एदिर्नेकापीला, 1453 मध्ये तुर्कांनी शहर घेतलं त्या गोष्टीनं. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन तटावर लढताना पडला, ते त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं. लेकीचे डोळे भरले.

कॅनव्हासचे बूट घाला, पाणी जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर तटावर चढू नका, पायऱ्या उंच आहेत आणि कठडा नाही.

मेल्यावर आपल्याला तटाबाहेर, फौजा जमायच्या त्या मैदानापाशी पुरावं, असं बासिलनं सांगून ठेवलं होतं. आजचं बाकिरकोय. फेरीत ते नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लोकलनं गेलो. कबर उरलेली नाही, नुसती बाजारपेठ. लेकीनं तिथं चपला घेतल्या.