नवे शेजारी, दोन वाटा: तुर्कस्तान आणि इराण

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं एक प्रश्न झटकन सोडवतात: सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांकडे तुर्कस्तान आणि इराण कोणत्या नात्याने गेले? तुर्कस्तान भाषेच्या, इराण धर्माच्या. मला हे उत्तर फार अपुरं वाटतं.

तुर्कस्तानापुरतं ते बरंचसं खरं आहे. नोव्हेंबर १९९१ मध्येच त्याने अझरबैजानला मान्यता दिली, पुढे मध्य आशियातल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. १९९३ मध्ये मात्र अझरबैजान-आर्मेनिया युद्धात अझरबैजानची बाजू घेत आर्मेनियाची सीमा बंद केली.

इराणचं वागणं बघा. अझरबैजान शियाबहुल, तरी इराणने ख्रिस्ती आर्मेनियाशी व्यवहार चालू ठेवला. स्वतःच्या वायव्येला अझेरींची, म्हणजे अझरबैजानी वंशाच्या लोकांची, मोठी वस्ती, त्यामुळे अझरबैजानची राजधानी बाकूच्या राष्ट्रवादाची धास्ती. ताजिकिस्तानच्या यादवीत त्याने रशियासोबत मध्यस्थी केली, १९९७ मध्ये समझोता झाला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९६ चा, इराणला तुर्कमेनिस्तानशी जोडणारा मशहद–सरख्स–तेजेन लोहमार्ग. समुद्र नसलेल्या मध्य आशियाला त्याने दक्षिणेकडच्या बंदरांची वाट दिली. तिकडेही कापूस पिकतो; माल बाहेर काढायची वाट काय मोलाची असते, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

तेलात बाजी तुर्कस्तानची. बाकूहून जॉर्जियातल्या तिबिलिसीमार्गे तुर्कस्तानच्या जेहान बंदरापर्यंत जाणाऱ्या बाकू–तिबिलिसी–जेहान वाहिनीतून २००६ मध्ये तेल भूमध्य समुद्राला पोचलं, अमेरिकेच्या पाठबळावर, इराणला वगळून.