नेत्याचा निर्णय पटला नाही तर: घरी बसावं की सोबत राहावं?

बेळगावकडचा आमचा मराठी सीमाभाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा म्हणून आमची चळवळ आहे. यंदाच्या निवडणुकीत तिचे गावातले नेते, आमचे अण्णा, यांनी आपला उमेदवार उभा न करता एका राष्ट्रीय पक्षाला पाठिंबा दिला. मला ते मुळीच पटलं नाही. गावात लगेच दोन तट पडले.

घरी बसलेल्यांचं म्हणणं खोटं नाही. जानेवारी 1956 मध्ये बेळगावात गोळ्या खाऊन माणसं गेली. 1 नोव्हेंबर 1956 ला आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राने 2004 मध्ये या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निष्ठा या प्रश्नाशी हवी, माणसाशी नव्हे, असं ते म्हणतात. पण घरी बसलं की बैठकीत चूक दाखवणारं कुणी उरत नाही.

सोबत राहणं मला जास्त जड गेलं. आईच्या जमिनीच्या उताऱ्यावरचं कन्नड आम्हाला वाचता येईना, तेव्हा अण्णा दिवसभर कचेरीच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. डब्यातली भाकरी अर्धी मोडून मला दिली. 1 नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत माझ्या दंडावरची पहिली काळी फीत त्यांनीच टाचली. हे कसं विसरू?

म्हणून मी सोबत राहिलो. मात्र नुसती मान डोलावणाऱ्यापेक्षा घरी बसणारा मला कधीही बरा वाटतो. ओट्यावर जाऊन तोंडावर सांगितलं, "अण्णा, हे चुकलं तुमचं. पत्रकं मी वाटणार नाही."

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "बस, चहा घे."

पुढच्या बैठकीचा पहिला निरोप मलाच आला.