मूल ओकतंय: पुडी, घरचं पाणी, शहाळं की सरळ दवाखाना?

जेवून झोपलेलं मूल रात्री अचानक ओकायला लागतं, पाणी दिलं तर तेही बाहेर. घरातले चार जण चार उपाय सांगतात. बहुतेक वेळा कारण पोटातला विषाणू असतो आणि उलट्या एक-दोन दिवसांत थांबतात. तोवर अंगातलं पाणी आणि क्षार टिकवायचे असतात.

माझी पहिली पसंती ओआरएसच्या पुडीला. तिच्यात ग्लुकोज आणि सोडियम अशा प्रमाणात असतात की आतडं दोन्ही एकत्र शोषतं आणि पाणीही सोबत ओढून घेतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खी पुडी घाला. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात नको. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या.

पुडी मिळेपर्यंत घरचं पाणी चालतं: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. पण यात पोटॅशियम नाही, आणि मीठ जास्त पडलं तर लहानग्याला ते घातक ठरतं. शहाळ्यात उलट पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. पुडीला तोंड न लावणाऱ्या मोठ्या मुलाला घोटभर द्या, पण पुडीची जागा ते घेत नाही. ग्लुकोज पावडर म्हणजे नुसती साखर. डब्यातले गोड रस आणि कोल्ड्रिंक तर जुलाब वाढवतात.

खरं तर सगळ्यात जास्त चुकतं ते पाजण्यात. तहानलेलं मूल पेलाभर गटागटा पितं, लगेच ओकतं आणि घरचे म्हणतात, “याला ओआरएस पचत नाही.” उलटीनंतर दहा मिनिटं थांबा. मग एक चमचा, दोन मिनिटांनी दुसरा. कंटाळवाणं आहे, पण टिकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. मागच्या वेळची उरलेली उलटीच्या औषधाची बाटली स्वतःहून उघडू नका, डोस वजनावर ठरतो.

आता घर की दवाखाना? उलटी हिरवी असेल, तर कोणत्याही वयात लगेच निघा, आतडं अडकलेलं असू शकतं. रक्त दिसलं, मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, आठ तासांत शू झाली नाही, डोक्याला मार लागला होता, चमचाभरही टिकत नाही, बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे, तरीही थांबू नका. तान्हं बाळ राहून राहून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, शी लाल जेलीसारखी असेल, तर रात्र घालवू नका. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, पण रिक्षा येईपर्यंतच. जाताना शेवटची शू कधी झाली, उलटीचा रंग कोणता आणि मुलाचं वजन किती, एवढं लिहून न्या.